विचारा बिनधास्त : तीनशे सत्त्याहत्तर गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

मागच्या अंकात वारसाहक्काच्या एका उत्तरात मी सहज लिहून गेले की दोन पुरुष किंवा दोन बायका जोडीने राहत असतील तर तो आता गुन्हा नाही. एवढी एकच ओळ, म्हणजे जुन्या पिनल कोडच्या ३७७ कलमाची गोष्ट, पण तिच्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप आले की संपादक म्हणाले हा महिना यावरच जाऊ दे. त्यामुळे सात-बारा, पोटगी आणि सोसायटीच्या पार्किंगवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरा. नावं कोणाचीच छापलेली नाहीत आणि काही पत्रांतलं गाव मी मुद्दाम बदललंय.

मॅडम, माझा मुलगा पुण्यात कंपनीत आहे. दिवाळीला आला तेव्हा रात्री स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला की आई मी गे आहे. यांना अजून सांगितलेलं नाही. माझे थोरले भाऊ कोर्टात कारकून होते, त्यांना दुसऱ्याच कोणाचं नाव करून विचारलं तर ते म्हणाले त्याला ३७७ आहे, जन्मठेपेपर्यंत जातं. तेव्हापासून झोप नाही. पोलीस त्याला नेतील का? – एक आई, सांगली जिल्हा

नाही नेणार ताई. आधी हे वाचा आणि मग पाणी प्या, बाकीचं उत्तर सावकाश वाचलं तरी चालेल.

तुमच्या भावाचंही चुकलेलं नाही, ते रिटायर झाले तेव्हाचा कायदा सांगतायत. इंडियन पिनल कोडमध्ये ३७७ नंबरचं कलम होतं, निसर्गक्रमाविरुद्धचा संभोग असं त्याचं गोलमाल वर्णन आणि शिक्षा जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. दोघं सज्ञान आहेत का, दोघांची मर्जी होती का, बंद खोलीत होतं का, याची त्यात विचारणाच नव्हती. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांना हे कलम लागू होणार नाही. आणि १ जुलै २०२४ पासून तर पिनल कोडच जाऊन भारतीय न्याय संहिता आलीय, तिच्यात ३७७ सारखं कलमच नाही. म्हणजे भाऊ म्हणतात ते पुस्तक आता रद्दीत.

एक मात्र सांगते, गे असणं हा तसा तेव्हाही गुन्हा नव्हता, कलम कृतीवर होतं, माणसाच्या असण्यावर नाही, असं कागदावर. प्रत्यक्षात बिचाऱ्यांना बोलायचीही चोरी होती. माझ्या अठ्ठावीस वर्षांच्या वकिलीत दोन राजीखुशीच्या पुरुषांवर ३७७ चा खटला पूर्ण चाललेला मी एकही पाहिला नाही, पण त्या कलमाच्या नावाने तोडपाणी झालेली किती ऐकली त्याची गणती नाही. हे कलम तुरुंगात कमी आणि लोकांच्या खिशात जास्त राहायचं, ज्याला घाबरवायचं असेल त्याने काढून दाखवायचं.

आणि हो, तुम्ही पत्रात शेवटी बारीक अक्षरात डॉक्टरचं विचारलंय ते. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच हे आजारांच्या यादीतून काढलं. बरं करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला पैसे देऊ नका, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असल्या 'उपचारांना' डॉक्टरची गैरवर्तणूक ठरवलंय. यांना कधी सांगायचं ते मुलाला ठरवू दे, त्याची बातमी आहे ती.

मी एमपीएससी करतोय. एकच कलम, २००९ ला गेलं, २०१३ ला परत आलं, २०१८ ला परत गेलं. सर म्हणतात तारखा पाठ करा. पण मॅडम मधल्या काळात राज्यघटना बदलली होती का? मग एकाच घटनेतून दोन उलटी उत्तरं कशी निघतात? – लातूर

राज्यघटना तीच होती रे. कोर्टासमोर कोण उभं होतं ते बदललं, हे माझं उत्तर, पण पेपरात हे असं लिहू नकोस, मार्क जातील.

सुरुवातीपासून सांगते. १९९४ ला दिल्लीच्या तिहार तुरुंगात एड्सची भीती होती आणि कैद्यांना निरोध द्यावेत अशी मागणी आली, तुरुंग प्रशासनाने नकार दिला, कारण पुरुष-पुरुष संबंध हा गुन्हा, मग निरोध देणं म्हणजे गुन्ह्याला हातभार. एड्स भेदभाव विरोधी आंदोलन नावाच्या गटाने ३७७ लाच हायकोर्टात आव्हान दिलं. पण ते प्रकरण कोणी नेटाने चालवलं नाही आणि २००१ मध्ये ते तसंच निकालात निघालं. त्याच वर्षी जुलैमध्ये लखनऊला पोलिसांनी एचआयव्हीवर काम करणाऱ्या संस्थांच्या कार्यकर्त्यांना धरलं. माहितीपत्रकं आणि निरोध हा पुरावा, कलम ३७७, आणि दीड महिन्याच्या वर आत. त्यातल्या एकाचं नाव आरिफ जाफर, हे नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

डिसेंबर २००१ मध्ये अंजली गोपालन यांच्या नाझ फाउंडेशनने दिल्ली हायकोर्टात याचिका टाकली, वकील लॉयर्स कलेक्टिव्हचे आनंद ग्रोव्हर. त्यांचं म्हणणं साधं होतं, लोक कायद्याला भिऊन लपतात, लपलेल्यापर्यंत आम्ही औषध पोचवायचं कसं. २००४ मध्ये हायकोर्टाने याचिका फेटाळली, का तर तुमच्या संस्थेवर या कलमाचा काही परिणाम होत नाही, हा नुसता पुस्तकी प्रश्न झाला. आता तूच सांग, ज्याच्यावर परिणाम होतो त्याने कोर्टात येऊन नावगाव सांगायचं म्हणजे जन्मठेपेच्या गुन्ह्याची कबुलीच की. चोराला विहिरीत उतरवून वर विचारायचं, ओरडला का नाहीस. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण परत पाठवलं, नीट ऐका म्हणून. तेव्हा एक गंमत झाली, केंद्र सरकारचं गृह मंत्रालय म्हणत होतं कलम राहू द्या आणि त्याच सरकारच्या आरोग्य खात्याकडची एड्स नियंत्रण संस्था म्हणत होती हे कलम आमच्या कामात अडथळा आहे, आणि दोघांचे कागद एकाच कोर्टात.

२ जुलै २००९ ला निकाल. मुख्य न्यायाधीश अजित प्रकाश शहा, आपल्या सोलापूरचे, आणि न्या. मुरलीधर. घटनेच्या चौदा, पंधरा, एकवीस (समानता, भेदभावबंदी, जीवन आणि स्वातंत्र्य) या कलमांवर त्यांनी ३७७ तपासलं आणि सज्ञानांच्या खासगी, राजीखुशीच्या संबंधांपुरतं ते लागू नाही म्हटलं. लोकांना आवडत नाही म्हणून एखादी गोष्ट गुन्हा होत नाही, बघायची ती घटनेची नैतिकता, आणि यासाठी त्यांनी बाबासाहेबांचं संविधान सभेतलं भाषण काढलं, ४ नोव्हेंबर १९४८ चं, की ही नैतिकता माणसात उपजत नसते, ती रुजवावी लागते. तुझ्या सरांना विचार, हे वाक्य पेपरात येऊ शकतं.

मग सुप्रीम कोर्टात अपील केलं कोणी? केंद्र सरकारने नाही. सुरेशकुमार कौशल नावाचे दिल्लीचे ज्योतिषी सगळ्यात आधी गेले, मागून धार्मिक संघटना वगैरे. ११ डिसेंबर २०१३ ला न्या. सिंघवी आणि न्या. मुखोपाध्याय यांनी हायकोर्टाचा निकाल उलटवला. कारणं बघ, एक म्हणजे दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले, दुसरं म्हणजे लोकसंख्येचा अगदीच बारका भाग, आणि बदल करायचाच तर संसदेने करावा. मूठभर आहात म्हणून मूलभूत हक्क नाहीत, हे गणित मला त्या दिवशीही सुटलं नाही आणि आजही सुटत नाही. हक्क काय जनगणना करून वाटायचे असतात का? आणि दोनशे खटल्यांचं म्हणाल तर मघाशी सांगितलं तेच, कलम खिशात होतं, खिशातल्या वापराचे रिपोर्ट छापले जात नाहीत.

फेरविचार याचिका जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली गेली. पण गाडी दुसऱ्या रुळावरून येत होती. एप्रिल २०१४ मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाच्या दुसऱ्या पीठाने तृतीयपंथीयांना स्वतःची ओळख ठरवायचा हक्क दिला, म्हणजे एकाच इमारतीत चार महिन्यांच्या अंतराने ही दोन टोकं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे सांगितलं आणि सांगता सांगता २०१३ चा तो मूठभर लोकांचा युक्तिवाद चुकीचा होता हेही सुनावलं. तिथेच ३७७ चा पाया गेला, भिंत तेवढी पाडायची राहिली.

आणि आता माझा मुद्दा. २०१६ मध्ये पाच माणसं स्वतःच्या नावाने सुप्रीम कोर्टात गेली. नर्तक नवतेजसिंग जोहर, पत्रकार सुनील मेहरा, शेफ रितू दालमिया, हॉटेल चालवणारे अमन नाथ आणि व्यवसाय करणाऱ्या आयेशा कपूर. म्हणाले हे कलम आमच्या आयुष्यावर आहे, आम्ही इथे उभे आहोत. मग २०१८ मध्ये आयआयटीतून शिकलेली वीस मुलंमुली आली, मुंबईतून हमसफर ट्रस्टवाले अशोक राव कवी आले, ज्यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींचं नियतकालिक काढलं होतं. आणि आला तो लखनऊचा आरिफ जाफर, सतरा वर्षांनी. २००४ ला कोर्ट म्हणालं परिणाम झालेला माणूस कुठाय, २०१३ ला म्हणालं आहेत किती, आणि २०१८ ला माणसं वकीलपत्रावर सही करून आली. १० ते १७ जुलै सुनावणी, सरकारने राजीखुशीच्या मुद्द्यावर निर्णय कोर्टाच्या शहाणपणावर सोडला, आणि ६ सप्टेंबरला निकाल. न्यायाधीश दीपक मिश्रा, नरिमन, खानविलकर, चंद्रचूड, इंदू मल्होत्रा. निकालपत्रं चार, निष्कर्ष एक.

पाठ कर आता.

आपल्या संस्कृतीत हे कधी नव्हतं, हे पाश्चात्त्य फॅड आहे. आणि कायदा करणं संसदेचं काम, पाच न्यायाधीश कोण ठरवणार? आमच्या मराठी माणसांत तरी असलं काही मी ७४ वर्षांत पाहिलं नाही. – निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती

सर, तीन गोष्टी आहेत तुमच्या पत्रात, एकेक घेते.

पाश्चात्त्य काय असेल तर ते कलम. मेकॉलेच्या मसुद्यातून १८६० चं पिनल कोड आलं, १८६२ पासून लागू झालं, आणि त्या कलमाचं मूळ इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या १५३३ च्या कायद्यात. त्या आधी आपल्याकडे सगळं कौतुकाचं होतं असं मी म्हणणार नाही, स्मृतींमध्ये प्रायश्चित्तं सापडतात, पण जन्मठेप ही साहेबाची देणगी. आणि साहेबाने स्वतःच्या घरातून, म्हणजे इंग्लंड आणि वेल्समधून, ती १९६७ मध्ये काढली, आपण त्याच्यानंतर ५१ वर्षं सांभाळली.

संसदेचं म्हणाल तर डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी ३७७ बदलायचं खासगी विधेयक आणलं होतं. चर्चा लांबच, ते मांडूच द्यायचं की नाही यावर मतदान झालं आणि ७१ विरुद्ध २४ ने पडलं. ५४३ च्या सभागृहात शंभर जण धड हजर नव्हते, म्हणजे संसदेने ठरवलं असंही म्हणता येत नाही. आणि घटनेचं तेरावं कलम बघा, घटनेच्या आधीचा कायदा मूलभूत हक्कांशी विसंगत असेल तर तेवढ्यापुरता तो शून्य, आणि ते बघायचं काम कोर्टाचंच. शाळेत नागरिकशास्त्र तुम्हीच शिकवलं असेल.

तिसरं, मराठी माणसांत नाही म्हणता. रामचंद्र सिरस हे नाव आठवतं का? नागपूर विद्यापीठात शिकले, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक, मराठीत कविता लिहायचे, पुरस्कारही मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही लोक कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, ते एका पुरुषाबरोबर होते. घरात घुसणाऱ्यांच्या आधी सरांनाच विद्यापीठाने निलंबित केलं, क्वार्टर सोडायला लावलं. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. बघा हं, दिल्ली हायकोर्टाचा २००९ चा निकाल तेव्हा उभा होता. अलाहाबाद हायकोर्टाने १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली, म्हणजे सर जिंकले. ७ एप्रिलला भाड्याच्या खोलीत ते मृत सापडले. तुम्ही ७४ वर्षांत पाहिलं नाही म्हणता ते खरं असेल, पण तुमच्या स्टाफरूममध्ये कोणी असताच तर त्याने तुम्हाला सांगितलं असतं का, हे तुम्हीच तुमच्या मनाशी बघा.

ताई, एका डेटिंग अॅपवर एकाशी ओळख झाली, भेटलो, आणि तिथे आणखी दोघं आले. मोबाईलमधले फोटो घेतले, १२ हजार ट्रान्सफर करायला लावले. आता रोज मेसेज येतो की अजून दे नाहीतर घरी आणि पोलिसांत सांगू, तुझ्यावरच केस होईल. मी काय करू? – नाशिक

पैसे देणं आत्ता, या क्षणी बंद. एकदा देणारा दहादा देतो हे त्यांना माहितीये.

तुझ्यावर केस होणार नाही, होऊच शकत नाही, तू सज्ञान आहेस आणि तू कोणावर जबरदस्ती केलेली नाहीस. केस त्यांच्यावर होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०८, खंडणी, सात वर्षांपर्यंत शिक्षा. खासगी फोटो काढणं-पसरवणं यासाठी आयटी कायद्याचं ६६-ई वेगळं. मेसेज डिलीट करू नकोस, स्क्रीनशॉट काढ, ट्रान्सफरचा युटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेव, अॅपवरचं त्याचं प्रोफाइल ब्लॉक करायच्या आधी त्याचाही स्क्रीनशॉट. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लाव, पैसे नुकतेच गेले असतील तर खातं गोठवता येतं. मग सायबर पोलीस. आपल्या गावच्या पोलीस स्टेशनात ओळखीचे निघतील ही भीती असेल तर झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला होते. ड्युटीवरचा माणूस तिथे काय करत होतास असलं विचारेल, विचारतातच, त्याला एवढंच सांग की मी खंडणीची तक्रार द्यायला आलोय. जमलं तर बरोबर वकील ने, नाहीतर एखादा मित्र तरी. आणि कुठे भेटलात ते महत्त्वाचं आहे, सार्वजनिक जागा असेल तर महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ११० नंबरचं असभ्य वर्तनाचं कलम दाखवतात कधीकधी, ते जोडप्यांनाही दाखवतात, किरकोळ आहे, त्याने गांगरू नकोस.

आता थोडं अवांतर, पण मला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुन्या पिनल कोडात ३८८ आणि ३८९ ही खंडणीचीच कलमं होती, 'तुझ्यावर अमुक गुन्ह्याचा आरोप करीन' अशी भीती घालून पैसे उकळणाऱ्यासाठी. एरवी त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा. पण त्यात एक खास शेपूट होतं, की धमकी ३७७ च्या आरोपाची असेल तर खंडणीखोराला जन्मठेपेपर्यंत. मी कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. म्हणजे १८६० मध्ये कायदा लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं की हे कलम लोकांना लुबाडायला वापरलं जाणार, इतकं ठाऊक होतं की त्याने त्याची सोय त्याच पुस्तकात करून ठेवली, पण मूळ कलम लिहायचं काही सोडलं नाही. आणि पकडला गेलेला माणूस या ३८८ चा आधार घ्यायला जाणार कसा, तक्रार द्यायची म्हणजे आपलंच ३७७ आधी सांगायचं. २०१८ मध्ये काय गेलं असं मला कोणी विचारलं ना, तर मी सांगेन ही अडकवणूक गेली. तुझ्यासारखा मुलगा आज फिर्यादी म्हणून पोलीस स्टेशनची पायरी चढू शकतो.

घरात मासिक येतं, नातवंडं चाळतात. असले प्रश्न कौटुंबिक मासिकात छापणं शोभतं का? – एक वाचक, पुणे ३०

र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'ला हेच विचारलं गेलं होतं, आणि नुसतं विचारलं नाही तर कोर्टात खेचलं होतं. १९३४ च्या खटल्यात तर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरंच अश्लील ठरवली, आणि त्यात समलिंगी संबंधांवरचेही प्रश्न होते. म्हणजे अगदी हे असंच सदर. कर्व्यांचं वकीलपत्र कोणी घेतलं होतं माहितीये? बॅरिस्टर आंबेडकरांनी. केस हरले, कर्व्यांना दंड झाला, आणि मासिक पुढे १९५३ मध्ये कर्वे जाईपर्यंत चालू राहिलं. आमच्या संपादकांना दंड झालाच तर बघू.

आम्ही दोघी नऊ वर्षं एकत्र राहतो. फ्लॅट तिच्या नावावर, हप्ता दोघी भरतो. लग्न करता येईल का? उद्या तिला काही झालं तर माझं काय? तिच्या घरचे तिला उचलून नेऊ अशी धमकी देतात. – कोल्हापूर

लग्न नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाच्या पाचही न्यायाधीशांनी सांगितलं की लग्नाचा मूलभूत हक्क घटनेत नाही, संसदेने बघावं. लग्न नाही तर निदान नात्याला काहीतरी कायदेशीर मान्यता द्या यावरही तीन विरुद्ध दोन असं नाहीच झालं. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचारही फेटाळला. तेव्हा कायद्याच्या डोळ्यांना तुम्ही दोघी एका फ्लॅटमधल्या दोन बायका आहात, मला वाईट वाटतं पण खोटा धीर देऊन काय उपयोग.

म्हणून कागद करा, आणि याच महिन्यात करा. पहिलं मृत्युपत्र, दोघींची वेगवेगळी, दोन साक्षीदार, शक्य तर रजिस्टर आणि डॉक्टरचा दाखला जोडून. नुसतं सोसायटीत नॉमिनी लावून बसू नका, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त सांभाळणारा, मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट तिच्या माहेरच्या वारसांकडे जाईल आणि तुमचे नऊ वर्षांचे हप्ते भाडं समजले जातील. हप्ते दोघींच्या जॉइंट खात्यातूनच जाऊ द्या, कोणी किती भरलं याची नोंद राहते. असं खातं उघडायला आणि एकमेकींना नॉमिनी लावायला काही आडकाठी नाही हे केंद्राच्या अर्थ खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये बँकांना लेखी कळवलंय, शाखेत कोणी भुवया उंचावल्या तर ते पत्रक दाखवा. जमत असेल तर बक्षीसपत्राने किंवा खरेदीखताने फ्लॅटमध्ये तुमचं नाव चढवा, स्टॅम्प ड्युटी लागेल, बँकेची एनओसी लागेल, पण सगळ्यात भक्कम तेच. दवाखान्यासाठी एकमेकींच्या नावाने लेखी अधिकारपत्र करून पर्समध्ये ठेवा, कायद्याने ते शंभर टक्के बांधील नाही, पण आयसीयूच्या दारात शिक्का मारलेला कागद कामाला येतो.

धमकीचं. ३७७ खरं तर दोन बायकांना लागू होणं अवघडच होतं, त्याची व्याख्याच तशी नव्हती, बायकांच्या बाबतीत घरचे 'हरवल्याची' किंवा पळवून नेल्याची तक्रार देतात आणि पोलीस मुलीला घरी पोचवून मोकळे होतात. मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने याबाबत हायकोर्टांना मार्गदर्शक सूचना दिल्यात, की त्या व्यक्तीला एकटीला विचारा, घरच्यांसमोर नाही, तिला कुठे राहायचंय ते ऐका, आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवू नका. तुमच्या मैत्रिणीने आजच स्वतःच्या अक्षरात लिहावं की मी सज्ञान आहे आणि स्वतःच्या मर्जीने इथे राहते, ते जवळच्या पोलीस स्टेशनला देऊन पोच घ्यावी, एक प्रत ओळखीच्या वकिलाकडे.

नव्या संहितेत ३७७ नाहीच म्हणता, मग एखाद्या पुरुषावर पुरुषाने जबरदस्ती केली तर? – सोलापूर

नेमकं बोट ठेवलंत. २०१८ च्या निकालाने कलम जबरदस्तीपुरतं, लहान मुलांपुरतं आणि जनावरांपुरतं जिवंत ठेवलं होतं, नव्या संहितेने ते सगळंच उचललं. मुलांसाठी पॉक्सो हा बाललैंगिक अत्याचाराचा कायदा आहे, पण सज्ञान पुरुषासाठी बलात्काराचं कलम नाही, कारण आपल्या व्याख्येत पीडित बाईच असते. मारहाण, दुखापत, डांबून ठेवणं या कलमांवर भागवावं लागतं. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा कायदा आहे, त्यात शिक्षा जेमतेम दोन वर्षांपर्यंत. दिल्ली हायकोर्टात हा प्रश्न गेला, कोर्टाने केंद्राला लवकर निर्णय घ्या म्हटलं. मारायचा होता ढेकूण आणि जाळलं अंथरूण, दुसरं काय.

मी ७१ वर्षांचा आहे, डोंबिवलीत एकटा राहतो. १९८८ साली एका स्टेशनबाहेर साध्या कपड्यातल्या दोघांनी मला आणि माझ्या मित्राला धरलं. पोलीस आहोत म्हणाले, ३७७ लावू, ऑफिसात कळवू. पगाराचा दिवस होता. सगळा पगार आणि वडिलांनी मॅट्रिकला दिलेलं एचएमटीचं घड्याळ काढून घेतलं. ते पोलीस होते की नव्हते हे मला आजही माहीत नाही. तक्रार कुठे करणार. २०१८ चा निकाल टीव्हीवर बघितला. कायदाच चुकीचा होता असं कोर्ट म्हणतं तर माझं घड्याळ कोणी द्यायचं? प्रश्न वेडगळ आहे, पण कायद्यात काही असेल तर सांगा.

काका, प्रश्न वेडगळ नाही. जर्मनीने २०१७ मध्ये कायदा करून जुन्या कलमाखाली झालेल्या शिक्षा रद्द केल्या आणि प्रत्येक शिक्षेमागे तीन हजार युरो भरपाई ठेवली, इंग्लंडनेही त्याच वर्षी जुन्या शिक्षांना माफी दिली. म्हणजे सरकारं असा हिशोब करतात.

आपल्याकडे असा कायदा नाही. पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत, ती १९९१ मध्ये संपली. आणि २०१८ च्या निकालाचंही सांगते, न्या. इंदू मल्होत्रांनी लिहिलंय की इतक्या उशिराबद्दल या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची इतिहासाने माफी मागायला हवी, ती ओळ सगळ्या पेपरांत आली. पण त्याच निकालपत्रात हेही आहे की चालू खटल्यांना या निकालाचा फायदा मिळेल, संपलेले खटले उघडणार नाहीत. तुमच्यावर तर खटलाच झाला नाही, तेव्हा उघडायलाही काही नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये मोजलेल्या त्या दोनशेहून कमी खटल्यांतही तुम्ही नव्हता.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. घड्याळाचा डायल, पट्टा, मागे कोरलेली तारीख, सगळं लिहिलंय तुम्ही, मी जागेअभावी कापलं. मित्राबद्दल मात्र 'माझ्या मित्राला' एवढंच आहे, त्या रात्रीनंतर त्याचं काय झालं ते नाही. लिहावंसं वाटलं तर लिहा, छापणार नाही. पत्ता तोच.